विठोबाचे दार आणि आमच्या दारावरची चिठ्ठी

करामा, बर दुबई किंवा शारजाचा रोला भाग, यांतून संध्याकाळी पायी निघाले की खांबांवर, बसथांब्यांजवळ, किराणा दुकानांच्या काचांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या दिसतात. खोलीत एक खाट रिकामी आहे, भाडे इतके, बसथांबा जवळ, पाणी-वीज धरून. एवढे सांगून झाले की शेवटची ओळ येते. फक्त केरळचे. फक्त हैदराबादी. फक्त गुजराती, शाकाहारी. आणि अधूनमधून, फक्त महाराष्ट्रीय. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे माणूस पाहीनासा होतो, तसे आपले या शेवटच्या ओळीचे झाले आहे.

आम्ही हे दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे मराठी एका फ्लॅटमध्ये राहत होतो. पाचवा गावी परत गेला आणि त्याची खाट रिकामी झाली. चिठ्ठी आम्हीच लिहिली आणि शेवटची ओळही आम्हीच घातली. दुसऱ्या दिवशी एक तेलुगू मुलगा दारात आला. नुकताच देशातून आलेला, हातात बॅग, अंगात प्रवासाचाच सदरा. त्याला आमची चिठ्ठी वाचता आली होती, तरी विचारून पाहावे म्हणून तो आला होता. जागा भरली, असे आम्ही त्याला सांगितले. खाट पुढे तीन आठवडे रिकामी राहिली आणि तिचे भाडे चौघांनी वाटून भरले. आमच्यापैकी एकाच्या उशाशी त्या दिवसांत ‘श्यामची आई’ होती. घरून निघताना आईने बॅगेत घातलेली.

त्या पुस्तकाचा लेखक आपल्या सर्वांना माहीत आहे. पण आईवेड्या, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गुरुजींपलीकडे आपली फारशी ओळख जात नाही. पंढरपूरच्या देवळासाठी प्राण पणाला लावणारा आणि एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी म्हणून पैसा-पैसा गोळा करणारा माणूस तोच होता. म्हणून आज या पानावर साने गुरुजींचे चरित्र त्या बाजूने सांगावे, असे आम्ही ठरवले.

पालगडचा मुलगा

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे. एके काळी बरी स्थिती असलेले, पण गुरुजींच्या लहानपणीच कर्जात बुडत चाललेले. आई यशोदाबाई. तिच्याविषयी पुढे मुलाने जे लिहिले, ते मराठी घराघरांत पोचले आहे, त्यामुळे येथे पुन्हा सांगत नाही. एकच प्रसंग आठवावा. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची लाकडांची मोळी खाली पडते. ती पुन्हा डोक्यावर चढवून द्यायला कोणी पुढे होत नाही, कारण शिवायचे कसे? आई आपल्या मुलाला मदतीला पाठवते. मात्र घरी आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते.

या प्रसंगात आई अर्धे पाऊल टाकते. मोळी उचलणे महत्त्वाचे, हे तिला कळते. आंघोळीचा नियम मोडण्याइतके बळ तिच्या काळाने तिला दिलेले नव्हते. मुलाने मात्र ती आंघोळ पुढे कायमची सोडून दिली. गुरुजींच्या आयुष्याचे सूत्र कुठे सुरू होते, असे कोणी विचारले तर आम्ही या मोळीकडे बोट दाखवू.

घरच्या गरिबीमुळे शिक्षण ठिकठिकाणी झाले. दापोली, मग औंध संस्थान, मग पुणे. कधी वार लावून जेवणे, कधी हाताने भाजून घेणे, कधी उपाशी राहणे. १९१७ साली आई गेली आणि शेवटच्या क्षणी तिची भेटही झाली नाही. ही रुखरुख त्यांना जन्मभर पुरली. पुण्याला पदवी घेऊन ते खानदेशात अमळनेरला आले. आधी तेथील तत्त्वज्ञान मंदिरात राहिले आणि १९२४ पासून तेथल्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलाची सेवा करणे, न धुतलेले कपडे धुऊन ठेवणे, ही कामे ते न बोलता करीत. मुलांसाठी रोज हाताने लिहून एक दैनिक काढीत. गुरुजी हे नाव त्यांना तेथे मिळाले आणि मरेपर्यंत तेच राहिले.

दक्षिणेतला तुरुंग

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी शाळा सोडली आणि चळवळीत उडी घेतली. शिक्षा झाली. आधी धुळ्याचा तुरुंग आणि पुढे थेट मद्रास इलाख्यातील त्रिचनापल्ली.

खानदेशातला मास्तर तमिळ मुलखात जाऊन पडला. आजूबाजूला दक्षिणेकडील राजबंदी. ध्येय एकच, शत्रू एकच, शिक्षाही तीच, पण बोलायला भाषा नाही. इंग्रजांचे राज्य घालवायला निघालेल्या माणसांना एकमेकांशी बोलण्यासाठी इंग्रजीच लागत होती. आपल्याच देशातल्या भावाचे सुखदुःख आपल्याला त्याच्या शब्दांत कळू नये, याची गुरुजींना फार खंत वाटली. आपल्यापैकी जो कोणी या देशात पहिल्यांदा आला, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्री घरी फोन करताना काय बोलतो ते ज्याला एक अक्षर कळले नाही, त्याला ती खंत समजावून सांगायला नको.

पण ते खंत करीत बसले नाहीत. त्या भाषेकडे वळले. तिरुवळ्ळुवर या प्राचीन तमिळ संतकवीचा ‘तिरुक्कुरळ’ हा ग्रंथ त्यांनी तुरुंगातच मराठीत आणला. तमिळ घरांत त्या ग्रंथाला जे स्थान आहे, ते आपल्याकडे ज्ञानेश्वरी-तुकारामांच्या गाथेला आहे. ज्याला आपण सरसकट मद्रासी म्हणून हसतो, त्याच्या घरात असा ठेवा आहे, हे गुरुजींनी मराठी वाचकाला दाखवले. पुढे ज्या कल्पनेला त्यांनी ‘आंतरभारती’ हे नाव दिले, तिचे बीज त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पडले, असे मानतात.

तुरुंग त्यांना पुन्हा पुन्हा घडले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती उतरून घेणारा हात साने गुरुजींचा होता. आज अनेक भाषांतून वाचली जाणारी ‘गीता-प्रवचने’ त्यांच्या झरझर लेखणीमुळे टिकली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले, तेव्हा ते गावोगाव हिंडले. १९३८ साली अमळनेरहून त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले आणि त्यात शेतकऱ्यांची व गिरणी कामगारांची बाजू मांडली. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत झाले, पकडले गेले, आणि १९४५ मध्ये सुटून बाहेर आले.

पंढरपूर

स्वातंत्र्य जवळ येत होते. पण गुरुजींच्या मनात एक प्रश्न घोळत होता. उद्या इंग्रज जाईल, पण महाराष्ट्राच्या आराध्य दैवताच्या दारात महाराष्ट्राचीच लेकरे अस्पृश्य म्हणून उभी राहणार असतील, तर ते स्वातंत्र्य कोणाचे?

पंढरपूरची गोष्ट अशी होती. विठोबा हा संतांचा देव. आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी तेथे जात. अभंगांत सर्व जातींचे संत एकत्र गायिले जात. महार जातीत जन्मलेल्या संत चोखामेळ्याचे अभंग तर साऱ्या वारीच्या तोंडी. पण चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, पायरीजवळ. सहाशे वर्षे लोटली तरी त्यांच्या जातीच्या माणसाला समाधीच्या पुढे जाण्याची मुभा नव्हती. पायरी शिवावी, कळसाला हात जोडावे आणि माघारी फिरावे. चोखोबांचे अभंग गात बाकीचे वारकरी त्याच्या अंगावरून आत जात.

देवळांचा प्रश्न गुरुजींनी प्रथम काढला, असे मात्र कोणी समजू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर आणि १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह केले होते. काळारामाचे दार काही वर्षांच्या लढ्यानंतरही उघडले नाही. १९३५ साली येवल्याच्या सभेत त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. त्यानंतर त्यांच्या अनुयायांची वाट बदलली होती. शिक्षण, नोकऱ्या आणि राजकीय हक्क यांवर त्यांचा भर होता, आणि देऊळ उघडून पोट भरत नाही, हे म्हणणे खोटे नव्हते. गुरुजींचा रोख दुसरीकडे होता. दार बंद करणारे आपले आहेत, तेव्हा ते उघडण्याचे कर्तव्यही आपले आहे, असे ते सवर्णांना सांगत होते. दलितांवर उपकार करायला ते निघाले नव्हते. आपल्या समाजाचे पाप धुवायला निघाले होते.

१९४६ च्या कार्तिकी एकादशीपासून उपोषण करण्याचा त्यांचा विचार होता. सहकाऱ्यांनी आणि वडीलधाऱ्यांनी आग्रह केला की आधी लोकांकडे जावे, मग निर्णय घ्यावा. त्यांनी ते मानले. १९४७ च्या पहिल्या चार महिन्यांत त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला. वृद्ध सेनापती बापट त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. राष्ट्र सेवा दलाची मुले कलापथक घेऊन गाणी गात हिंडली. गुरुजींनी शेकडो सभा घेतल्या. गावोगाव देवळे उघडली, पाणवठे उघडले. जेथे हे झाले, तेथे कायद्याचा दंडुका लागला नव्हता. लोकांनी ऐकून, रडून, भांडून, मग उठून आपल्या हाताने दार उघडले होते.

मात्र पंढरपूरचे बडवे हटले नाहीत. विरोधही गुपचूप नव्हता, चांगला उघड, रस्त्यावरचा होता. सनातन्यांनी मिरवणुका काढल्या. साने यांनी भीमेपलीकडे चालते व्हावे, विठ्ठलाचे दार उघडणार नाही, अशा अर्थाच्या यमक जुळवलेल्या घोषणा दिल्या. ज्या गावात माउली हा परवलीचा शब्द, तेथे या माणसाला उपोषणाला बसायला जागा मिळेना. शेवटी तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. एक वारकरी महाराज गावाचा रोष पत्करून दार उघडतो, ही गोष्ट आम्हाला उपोषणाइतकीच मोठी वाटते.

१ मे १९४७ रोजी उपोषण सुरू झाले. मे महिन्यातले पंढरपूर म्हणजे भट्टी. गुरुजींची प्रकृती आधीच तोळामासा. त्यातच गांधीजींची तार आली. मंदिराचा प्रश्न कायद्याने सुटत आला आहे, उपोषण अनावश्यक आहे, अशी माहिती कोणीतरी त्यांच्या कानावर घातली होती. त्यांनी उपोषण थांबवण्यास सांगितले. ज्यांना आयुष्यभर गुरुस्थानी मानले, त्यांची ती आज्ञा. गुरुजींना किती यातना झाल्या असतील, याची कल्पना करता येते. पण त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि उपोषण चालू ठेवले. नेत्यावरील भक्तीपेक्षा सदसद्विवेक वडील आहे, हे त्यांनी न गर्जता दाखवून दिले. दादासाहेब मावळंकर मध्यस्थीसाठी पंढरपुरात आले, बडव्यांशी बोलले. दहा दिवसांनंतर बडव्यांनी मान्यता दिली आणि उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. चोखोबांच्या पायरीपाशी थांबलेली माणसे महाद्वारातून आत गेली.

येथे जुन्या काळचा एखादा लेखक कथा संपवील. पण दार उघडले म्हणजे मने उघडली असे होत नाही, आणि हे गुरुजींइतके कोणालाच ठाऊक नव्हते. बडवे आणि उत्पात यांचे देवळावरील वंशपरंपरागत हक्क कोर्टकचेऱ्यांत अडकून राहिले. ते कायमचे संपल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४ साली आला. एका दारासाठी एवढा वेळ लागतो.

१९४८ चे वर्ष

पंढरपूरला वर्ष झाले नाही तोच ३० जानेवारी १९४८ आला. गांधीजींचा खून झाला आणि खुनी मराठी ब्राह्मण निघाला. महाराष्ट्रभर संतापाची लाट उसळली आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे-दुकाने जाळली गेली. ज्यांचा त्या कटाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांच्या संसारांची राख झाली. एकाच्या गुन्ह्यासाठी साऱ्या जातीला जबाबदार धरणे, ही ती वृत्ती. पायरीशी माणूस अडवणारी वृत्तीही तीच. फक्त बाजू बदललेली.

गुरुजी जन्माने कोकणस्थ ब्राह्मण. त्यांनी दोष दुसऱ्यावर ढकलला नाही आणि आपल्या जातीची कैफियतही मांडली नाही. आपल्या महाराष्ट्रातून हे पाप घडले, याचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. द्वेषाचे विष आपल्या भाषेत, आपल्या वर्तमानपत्रांत, आपल्या ओसरीवरच्या गप्पांत मुरले होते आणि आपण ते वेळीच ओळखले नाही, असे त्यांना वाटत होते. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पुण्याहून ते अजून निघते.

याच माणसाने ‘इस्लामी संस्कृती’ नावाचे पुस्तक लिहिले होते. पैगंबरांचे चरित्र आणि अरबांचा इतिहास मराठी माणसाला आदराने सांगणारे हे पुस्तक त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. शेजारी राहणाऱ्या मुसलमानाविषयी आपल्याला काहीच माहिती नसते आणि त्या अज्ञानात अफवा वाढते, हे त्यांनी ओळखले होते. अरबांच्या देशात पोट भरणाऱ्या आम्हा मराठी माणसांपैकी कितीजणांनी ते वाचले आहे? आम्हीसुद्धा येथे येऊन बरीच वर्षे झाल्यावर वाचले. हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे.

आंतरभारती

१९४९ साली पुण्याला आचार्य जावडेकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले. गुरुजींनी तेथे आपले अखेरचे स्वप्न मांडले. देशातल्या सर्व भाषा जेथे शिकता येतील, निरनिराळ्या प्रांतांचे तरुण जेथे एकत्र राहतील, एकमेकांची गाणी, सण, साहित्य, खाणेपिणे जाणतील, असे एक केंद्र महाराष्ट्रात उभारावे. रवीन्द्रनाथांच्या शांतिनिकेतनाने विश्वाला जवळ आणले, तसे या केंद्राने निदान भारताला भारताच्या जवळ आणावे. त्या स्वप्नाचे नाव आंतरभारती. त्यासाठी त्यांनी निधी जमवायला घेतला.

काळ पाहा. भाषावार प्रांतरचनेची मागणी जोर धरीत होती. गुरुजींचे मराठीवर प्रेम होते आणि मराठी माणसाचे एक राज्य त्यांना परके नव्हते. पण घराला भिंती असाव्यात, तशा खिडक्याही असाव्यात, असे त्यांचे मत. भाषेचा अभिमान द्वेषाकडे कधी झुकतो ते माणसाला कळत नाही. आधी विनोद होतो, मग टोपणनाव पडते आणि मग त्या टोपणनावाच्या माणसाला घर नाकारले जाते. पुढे मुंबईत दाक्षिणात्यांच्या दुकानांच्या पाट्यांवर दगड पडले आणि नंतर उत्तरेकडून आलेल्या टॅक्सीवाल्यांना व फेरीवाल्यांना मार बसला. गुरुजी तेव्हा नव्हते. पण औषध त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

त्यांच्यावर टीकाही झाली. ते फार रडतात, भाबडे आहेत, त्यांचे लेखन भावनेने ओथंबलेले आहे, असे विद्वान म्हणत. त्यात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांची काही पाने आज वाचताना आपणही अवघडतो. परंतु पंढरपूरच्या मे महिन्यात, गांधीजींची तार हाती असताना, हाच भाबडा माणूस जागचा हलला नाही. कठोर तर्क चालवणारे पुष्कळजण त्या वेळी आपापल्या घरी होते.

स्वातंत्र्यानंतरचा समाज त्यांना हवा तसा होत नव्हता. मन आधीच हळवे, त्यात निराशा दाटत गेली. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी आपले जीवन स्वतः संपवले. वय पन्नास. एका कारणात बसवावा असा तो शेवट नव्हता, आणि त्याला त्यागाचा मुलामा देणेही बरोबर नाही. इतरांची दुःखे वाहणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दुःखाकडे जवळच्यांचेही लक्ष कमी पडते, एवढाच बोध त्यातून घ्यावा. परदेशात एकेकट्या राहणाऱ्या आपल्या लोकांनी तर तो जरूर घ्यावा. शेजारच्या खाटेवरचा माणूस चार दिवस गप्प असेल, तर त्याला विचारावे.

१९५३ साली आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. गुरुजींची प्रार्थना शाळाशाळांतून म्हटली जाते. माणगावजवळ वडघर येथे त्यांचे राष्ट्रीय स्मारक उभे आहे आणि तेथे आंतरभारतीचे काम चालते.

आमची चिठ्ठी

आता पुन्हा आपल्या गावाकडे, म्हणजे या गावाकडे येऊ. संयुक्त अरब अमिरातीत जगातल्या बहुतेक देशांची माणसे राहतात. येथील सरकारने २०१५ साली धर्म, वंश, वर्ण यांवरून भेदभाव आणि द्वेष पसरवण्याविरुद्ध कडक कायदा केला आणि पुढे तो अधिक व्यापक केला. २०१६ मध्ये सहिष्णुतेसाठी वेगळे मंत्रिपद निर्माण झाले. २०१९ हे वर्ष सहिष्णुतेचे म्हणून पाळले गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत अबू धाबीजवळ भव्य हिंदू मंदिर उघडले आणि आपल्यापैकी हजारोंनी रांगेत उभे राहून दर्शन घेतले. त्या रांगेत कोणी कोणाला जात विचारली नाही, प्रांत विचारला नाही. सरकारचे काम सरकारने केले.

पण फ्लॅटचे दार सरकारच्या हातात नसते. खाट कोणाला द्यायची ते आपण ठरवतो. जेवणाच्या डब्याच्या वासावरून नाक कोण मुरडतो, मल्याळी सहकाऱ्याच्या हिंदीची नक्कल कोण करतो, पाकिस्तानी टॅक्सीवाल्याशी बोलताना आवाज कोणाचा बदलतो, बंगाली सफाई कामगाराला एकेरी हाक कोण मारतो, हेही आपणच. आणि उलट बाजूने, घाटी म्हणून हिणवले की झोंबते कोणाला? तेही आपल्यालाच. जो घाव आपल्याला लागतो, तो आपण दुसऱ्याला किती सहज घालतो!

काही वाचक म्हणतील, एकत्र राहायचे तर खाणे जुळावे, बोलणे जुळावे, यात द्वेष कुठला? हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. दिवसभर उन्हात किंवा कचेरीत खपून आल्यावर माणसाला आपल्या भाषेत दोन शब्द बोलावेसे वाटतात, आपल्या चवीची आमटी हवीशी वाटते. ज्याला मांसाहार चालत नाही, त्याने तसे लिहावे. ज्याला रात्रपाळी असते, त्याने शांतता हवी असे लिहावे. ती राहण्याची अट झाली, आणि ती कोणालाही पाळता येते. पण प्रांताची अट कोणाला पाळता येईल? तेलुगू मुलगा उद्यापासून शाकाहारी होऊ शकेल, मराठी म्हणून जन्म घेऊ शकणार नाही. पंढरपूरच्या पायरीवरची अट याच जातीची होती. माणसाने काय करावे हे ती सांगत नव्हती, कोणाच्या पोटी जन्मावे हे सांगत होती.

त्या तेलुगू मुलाचे पुढे काय झाले? दोन वर्षांनी तो आम्हाला खाडीवरच्या अब्रात भेटला. आम्ही त्याला ओळखले. त्याने आम्हाला ओळखले की नाही, कळले नाही. डेऱ्याच्या धक्क्यावर उतरताना आमच्यापैकी एकाचा पाय निसटला, तेव्हा त्याने हात धरून वर घेतले, हसला आणि गर्दीत निघून गेला. आभार मानायला त्याच्या भाषेतला एकही शब्द आमच्याजवळ नव्हता. त्या आठवड्यात आम्ही तेलुगूतला तो शब्द एका सहकाऱ्याकडून शिकून घेतला. उशिराच, पण शिकलो.

आमच्या फ्लॅटमध्ये त्यानंतर दोनदा खाट रिकामी झाली आणि दोनदा चिठ्ठी लिहिली. भाडे, बसथांबा, पाणी-वीज धरून. स्वयंपाकघरात मासे शिजतात, हेही लिहिले. शेवटची ओळ लिहिली नाही. पहिल्या वेळी मंगळूरचा एकजण आला, दुसऱ्या वेळी कोल्हापूरचा. दोघांशीही आमची भांडणे झाली, आणि ती न्हाणीघराच्या नंबरावरून झाली.